बाईजाचा गुरुवार

बाईजा आमच्याकडे कामाला आली ते साल माझ्या जन्माचं, म्हणजे एकोणीसशे पस्तीस. माझे वडील, नाना, शहापूरच्या कोर्टात वकिली करत. माझ्या जन्मानंतर आईची तब्येत पार ढासळली होती आणि घरात तिच्या हाताखाली बाईमाणूस नव्हतं. नानांच्या एका कुळाने सांगितलं, आमच्या वाडीतली एक पोर नवरा गेल्यामुळे भावाकडे परत आलीय, कामाला वाघ आहे, पाठवतो. दुसऱ्या दिवशी ती आली. काळीसावळी, उंच, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आईने विचारलं, "मूलबाळ?" ती म्हणाली, "एक पोरगी हाय. मैना. दीड वर्साची." आई म्हणाली, "मग तिला भावाकडे ठेव. लहान मूल घेऊन काम कसं व्हायचं?"

बाईजाने मान हलवली. असं ते ठरलं. माझी आई दुष्ट नव्हती. त्या काळी गल्लीतल्या कुठल्याही घराने हेच सांगितलं असतं, आणि आईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाईजाचा नवरा कोंडू हिवतापाने गेला होता. वाडी किन्हवलीच्या वाटेवर, डोंगराच्या पोटाशी. शहापुराहून पायी दोनेक तासांची चाल. तिथे तिचा भाऊ महादू आणि भावजय धोंडीबाई. मैना मामीच्या हाती वाढू लागली आणि मी बाईजाच्या कडेवर. मी तिला बाय म्हणत असे.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरचं सगळं काम बायचं होतं. विहिरीचं पाणी, धुणी, भांडी, अंगणाचा सडा, जमिनीचं सारवण, भात कांडणं, दळण, गाईचा शेणगोठा, आणि मी. ती मागच्या पडवीत झोपायची. घरात सगळ्यांना सुट्टी असायची. कोर्टाला रविवार आणि उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी, माझ्या थोरल्या भावांच्या शाळेला दिवाळीची. त्या सुट्ट्यांत घर पाहुण्यांनी भरायचं आणि बायचं काम दुप्पट व्हायचं. सणाचंही तेच. गल्लीत बाहेरून येणाऱ्या मोलकरणी एखादा दिवस खाडा तरी करू शकायच्या. बायला तेही नव्हतं, कारण ती राहायलाच आमच्याकडे.

वाडीला जायचं असलं की ती आईला विचारायची. आई कधीच नाही म्हणायची नाही. म्हणायची, "जा की. पण एवढं आवळ्याचं उरकू दे," किंवा, "परवा मुन्सफ जेवायला आहेत, ते झालं की जा." मग ते व्हायचं आणि दुसरं काही निघायचं. वर्षातून चार-पाच वेळा बाय जाऊन यायची. सकाळी निघायची, संध्याकाळी दिवेलागणीला परत.

अशाच एका खेपेची गोष्ट ती मला पुढे सांगायची. मैना तीन-साडेतीन वर्षांची असेल. बाय वाडीत शिरली तेव्हा ती दारात शेंगा फोडत बसली होती. हिला बघून ती उठली, आत पळाली आणि मामीच्या लुगड्याआड उभी राहून म्हणाली, "मामी, पावनी आली."

धोंडीबाईने पोरीला पुढे ढकललं. "पावनी काय गो, आई हाय तुजी."

"मग मी हसले," बाय सांगायची. "काय करनार. पावनीच व्हते मी."

मी पाच वर्षांची होते त्या साली भात चांगलं आलं होतं. आमच्या भागात नव्याच्या दिवशी नवं भात पहिल्यांदा शिजतं, घरातली सगळी माणसं एकत्र बसून ते खातात. बायने मैनाला आधीच्या खेपेला सांगून ठेवलं होतं, "नवं खायाला मी येनार." आईलाही विचारून ठेवलं होतं आणि आई अगदी मोकळेपणाने हो म्हणाली होती.

त्या दिवशी सकाळी बाय अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून निघाली, आणि दारात बैलगाडी थांबली. मुरबाडकडचे नानांचे एक अशील, बायकोमुलांसकट. मोठा जमिनीचा खटला होता. आई ओटीवरून आत आली आणि बायकडे बघून म्हणाली, "आजच्या दिवस थांब ग. उद्या जा."

बायने पदर खोचला आणि पाणी काढायला विहिरीवर गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे होतेच. ते गेले आणि मी तापाने फणफणले. मी बायला सोडीना. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी पडून असायची आणि ती माझ्या कपाळावर ओली घडी ठेवायची. मला बरं वाटलं तेव्हा कुठे ती वाडीला गेली. नवं होऊन बरेच दिवस उलटले होते.

धोंडीबाईने तिला सांगितलं की पोर नव्याच्या दिवशी वाडीच्या तोंडाशी, वाटेकडे डोळे लावून बसली होती. जेवायला बोलावलं तर उठेना. शेवटी मामाने उचलून आणली. मग तिने आपल्या पानातला भात थोडा बाजूला काढला, पळसाच्या पानात बांधला आणि शिंक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी आंबला तरी टाकू देईना.

मैना दिवसभर बायच्या मागे मागे हिंडली. तिच्याकडून वेणी घालून घेतली. परत निघायच्या वेळी बाय तिच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "आता लवकर येते हां. पुढच्या..."

"सांगू नको," मैना म्हणाली. रागाने नाही, नुसतंच. "येशील तेवा ये. पन सांगू नको."

बाय म्हणायची, वाटभर तेच कानात होतं. पोर रडली असती तर समजूत काढता आली असती. रोज उठून वाट बघण्यापेक्षा वाटच न बघणं तिने निवडलं होतं, आणि सात वर्षांच्या पोरीला एवढं शहाणपण आलेलं बघून बायला धास्ती वाटली.

त्या आठवड्यात आई मागच्या दारी तांदूळ निवडत बसली असताना बाय तिच्यासमोर येऊन बसली. ती आईला वैनी म्हणायची.

"वैनी, मला एक वार द्या."

"कसला वार?"

"आठवड्याचा एक वार. मी जानार आनि दुसऱ्या दिवशी सकाळी येनार. गुरवार द्या. गुरवारी नानांचा उपास आसतो, चूल रातच्यालाच पेटते. भांडी कमी निघतात."

आई सुपात बघत राहिली. मग म्हणाली, "मी तुला कधी नाही म्हटलंय का जायला?"

"नाय, कवाच नाय. तुमी उद्या म्हनता."

आईला ते लागलं. "तुला इथे काय कमी केलंय ग? घरच्यासारखी वागवते तुला."

"कमी काय नाय," बाय म्हणाली. "कमी-जास्तीचं नाय वैनी. माज्या पोरीला सांगाया एक वार पायजे. तिला बोटं मोजता येतात. अमुक वारी येनार म्हनलं की तिनं मोजावं आनि मी यावं. एवढंच."

आई म्हणाली, दर आठवड्याला एक दिवस कसा चालेल, गल्लीत कोणी देतं का, आणि त्या दिवशी कोणी आजारी पडलं, कोणी आलं-गेलं तर काय करायचं. बायने ऐकून घेतलं आणि उठून कामाला लागली.

संध्याकाळी आईने हे नानांच्या कानावर घातलं. नाना वकीलच. ते म्हणाले, "गिरणीतल्या कामगाराला आठवड्याला एक सुट्टी द्यावी असा सरकारचा कायदा आहे. घरकामाला तसा कायदा नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली.

"कायदा नाही म्हणजे द्यायला मनाई आहे असं नव्हे," नाना म्हणाले आणि आपल्या कागदांत गुंतले. घरचा कारभार आईचा होता. त्यात ते याहून जास्त शिरत नसत.

दोन गुरुवार तसेच गेले. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी भांडी पालथी घालताना बाय आईला म्हणाली, "मी उद्या जातेय. परवा ऊन अंगणात यायच्या आत येते. मागचं दार उघडं आसलं तर कामाला लागंन. कडी आसली तर समजून घेईन."

आईने सकाळी उठून बघितलं तर बाय गेलेली होती. जाण्यापूर्वी तिने पाणी भरून ठेवलं होतं आणि गोठा झाडला होता.

तो दिवस मला अंधुक आठवतो. आई मला दिवसभर ओरडत होती. तिच्या हातांना विहिरीच्या दोराची सवय राहिली नव्हती. धुणं वाळत घालता घालता दुपार कलली. मी बाय बाय करून भोकाड पसरलं होतं. पुढे मोठेपणी आईने मला सांगितलं, "मला तिचा इतका राग आला होता त्या दिवशी. दुपारी मागच्या पायरीवर बसले, कालचा भात दह्यात कालवला, खाल्ला, आणि मनात म्हटलं, येऊ दे उद्या, दारातूनच परत पाठवते. आणि मग बसल्या बसल्या आलं मनात, की ही पोर एका दिवसात एवढी रडतेय. ती तिकडची किती वर्षं..." आईने वाक्य पुरं केलं नाही. ती अशी वाक्यं पुरी करायची नाही.

शुक्रवारी सकाळी मागच्या दाराची कडी काढलेली होती. एरवी ती बायच काढायची. बाय आली, तिने पडवीत गाठोडं ठेवलं. गाठोड्यात वालाच्या शेंगा होत्या, महादूच्या परसातल्या. त्या तिने सुपात ओतल्या आणि झाडू घेतला.

आई आतून म्हणाली, "आधी चहा घे. केलाय."

बस्स, एवढंच झालं. गुरुवार ठरल्याचं कोणी कोणाला सांगितलं नाही.

पण गोष्ट इतक्यावर सरळ झाली नाही. पहिल्या काही महिन्यांत आईने दोन-तीनदा तरी बायला थांबवून पाहिलं. एकदा सत्यनारायण होता. आई म्हणाली, "या गुरुवारी राहतेस का ग? त्याच्याऐवजी शनिवारी जा."

बाय म्हणाली, "गुरवार माजा नाय वैनी, मैनाचा हाय. तिला इचारून येते पुढच्या खेपेला."

आईने पूजा शुक्रवारी घातली. भटजी कुरकुरले, पण आले.

वाडीतही लगेच काही जमलं नाही. पहिले तीन-चार गुरुवार मैना आईजवळ फारशी आलीच नाही. मामीसोबत रानात निघून जायची. बाय दारात बसून राहायची. धोंडीबाई म्हणायची, "बस, बस. येईल." मग एका गुरुवारी बाय वाडीच्या तोंडाशी पोचली तर तिथल्या दगडावर मैना बसलेली होती. तिने बायकडे पाहिलं, उठली आणि पुढे चालायला लागली, वाट दाखवल्यासारखी. त्यानंतर प्रत्येक गुरुवारी ती तिथे असायची. त्या वाडीत वार कोण मोजतो? लोकांना अमावास्या-पुनव ठाऊक, बाजाराचा दिवस ठाऊक. पण मैना बोटं मोजत सगळ्यांना सांगायची, उद्या गुरवार, आज गुरवार. महादू हसून म्हणायचा, आता वाडीला पंचांग नको.

गल्लीत मात्र कुजबुज झाली. शेजारच्या घरी सकुबाई नावाची बाई कामाला होती. तिने तिच्या मालकिणीकडे असाच वार मागितला आणि मालकिणीने तिला त्याच दिवशी काढून टाकलं. मग ती मालकीण आमच्या ओटीवर आली. "वकिलीणबाई, तुम्ही पायंडा पाडलात. आमच्या बाया बिघडल्या."

आई पान लावत होती. म्हणाली, "बाईजा दिवसभर दिसली नाही की शुक्रवारी मला ती नीट दिसते. आधी मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते."

शेजारीण उठून गेली. कित्येक महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. सकुबाई आमच्या मागच्या दाराशी येऊन रडली. बाय तिच्याजवळ बसून राहिली. ती फार खिन्न झाली होती. आपल्या मागण्याने दुसरीचं काम गेलं असं तिला वाटत होतं. आईने डॉक्टरांच्या घरी शब्द टाकला आणि सकुबाईला तिथे लावली. पण लावतानाच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, हिला सोमवार मोकळा लागेल, आधीच ठरवा, मागाहून उद्या-परवा करू नका. हे सांगताना आईचा आवाज जरा चढला होता, असं नाना म्हणायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना, लढाईच्या दिवसांत, सगळं रेशनवर होतं आणि घरात सगळे वैतागलेले असायचे. एका बुधवारी आई बायला म्हणाली, "उद्या मीही येते ग तुझ्याबरोबर. तुझी वाडी बघेन. मैनाला बघेन. मलाही घराबाहेर पडावंसं वाटतंय."

बाय भांडं घासत होती. तिचा हात थांबला. मी तिथेच होते, म्हणून हे मला नीट आठवतं. 

"वैनी, राग नका मानू," ती म्हणाली. "तुमी आलात तर मी तुमच्यासाटी चटई घालीन. पानी देईन. तुमाला ऊन लागतंय का बघीन. धोंडी घाबरून जाईल. मैना एका बाजूला ऱ्हाईल. मग त्यो गुरवार माजा कसा?"

आईचा चेहरा उतरला. ती आत निघून गेली. बायने राख पुन्हा हातात घेतली, पण ती घासत नव्हती. थोड्या वेळाने तीच उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

"तुमचं माहेर मुरबाडला ना?"

"हं."

"कवा गेलावता?"

आईने हिशेब केला. चार वर्षं झाली होती. आजोबा एकटे होते, थकले होते, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत निरोप पाठवायचे. दर वेळी आई म्हणायची, पुढल्या महिन्यात जाईन.

"तुमी बी उद्याच म्हनता," बाय म्हणाली. "तुमी एक वार घ्या ना. पोरांना मी बघते. नाना काय उपाशी ऱ्हात नाय."

आई चिडेल असं मला वाटलं होतं. ती हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आई मुरबाडला जाऊ लागली. किन्हवलीवरून गाडीरस्ता होता, कधी बैलगाडी, कधी सर्व्हिस मोटार मिळायची. शनिवारी जाऊन सोमवारी परत. त्या दिवशी नाना पोहे करायचे, ते एकच त्यांना यायचं, आणि आम्ही दोन्ही वेळा तेच खायचो. नाना म्हणाले, "या घरात आता मीच बिनसुट्टीचा राहिलो." आई म्हणाली, "तुम्हाला सगळेच रविवार आहेत. माझा एक आहे."

आजोबा दीड वर्षाने गेले. शेवटी शेवटी ते आईला ओळखत नसत, पण ती जवळ बसली की तिचा हात धरून झोपायचे. ते गेल्यावर आई घरी आली, अंघोळ करून मागच्या पडवीत आली आणि बायशेजारी सारवलेल्या जमिनीवर बसली.  बायने तिच्या पाठीवर हात ठेवला. आईला इतक्या वर्षांत बायने कधी असा हात लावला नव्हता.

मैनाचं लग्न अठ्ठेचाळीस साली झालं. नवरा टोकावड्याचा, नथू नावाचा, शेतकरी घरचा शांत मुलगा. लग्नाला आम्ही सगळे गेलो. त्या दिवशी बाय कोणासाठी उठली नाही. ती वधूची आई होती. आई आपलं आपण पाणी घेऊन प्यायली आणि मांडवात बायकांच्यात जाऊन हळद लावायला बसली.

लग्नानंतरच्या पहिल्या बुधवारी आईने विचारलं, "आता उद्या काय करणार? टोकावडं एका दिवसाच्या जाण्यायेण्याचं नाही."

"कुटंच नाय जानार," बाय म्हणाली.

"मग काम करशील?"

"नाय."

गुरुवारी बाय सकाळी उठली, अंघोळ केली, वेणी घातली आणि मागच्या पडवीत पाय पसरून बसली. समोर माहुलीचा डोंगर दिसायचा. ती त्याच्याकडे बघत होती. आईने विहिरीवरून पाणी आणलं, अंगण झाडलं, बायच्या पायांजवळ आल्यावर झाडू वळवून बाजूने नेला. मी तेरा वर्षांची होते. मी बायला विचारलं, कंटाळा येत नाही का. ती म्हणाली, "बस जरा. बोलू नको काय." मी तिच्या खांद्याला टेकून बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला ठावंच नव्हतं, ह्यो डोंगर दुपारचा निळा दिसतो."

पुढच्या वर्षी मैनाला दिवस गेले तेव्हा बाय टोकावड्याला गेली ती तिकडेच राहिली. नथूने तिला परसात वेगळी खोली बांधून दिली. नातू झाल्याचा निरोप आला तेव्हा आईने मेथीचे लाडू करून पाठवले.

आमच्याकडे चिमी नावाची पोरसवदा बाई कामाला आली. ती दारात अंग चोरून उभी राहिली, काय काय कामं करायची ते ऐकायला. आईने कामं सांगितलीच नाहीत. आधी विचारलं, "तुला कुठला वार हवा?"

चिमीला कळेना. "कसला वार, बाई?"

"ये, बस इकडे," आई म्हणाली, आणि पायरीवर स्वतः थोडी सरकून तिला जागा करून दिली.